बोर्ड गेम डिझायनर दिवसभर करतो काय? आणि माझा नासका कांदा

सोंगटी

मागे एका धाग्यावर मी बोर्ड गेम बनवते असं लिहिलं होतं, तेव्हा तिघांनी विचारलं, "म्हणजे दिवसभर खेळता? मजा आहे!" त्या वेळी टंकायचा कंटाळा केला. आज सकाळपासून पत्ते कापून अंगठा भरून आलाय, ब्लेड धरवत नाही, कळफलक चालतो. म्हणून हा धागा.

पुण्यात राहते. अकरा वर्षं आयटीत टेस्टिंग केलं, गेली सहा वर्षं हे. सकाळी साडेसहा ते नऊ डोकं ताजं असतं, तेव्हा खरं काम. ते काम म्हणजे एक्सेल. एक ओळ म्हणजे एक पत्ता: नाव, किंमत, परिणाम, चित्र कुठलं. त्यातून नॅनडेक नावाच्या सॉफ्टवेअरने पानं तयार होतात. पत्त्याचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलीमीटर, ए-फोरवर नऊ बसतात. ९६ पत्त्यांचा खेळ म्हणजे अकरा पानं. पोलादी पट्टी, ब्लेड, खाली जुनं कॅलेंडर. कापलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात, तिच्यामागे ताठपणासाठी जुन्या कॅटमधला पत्ता. एक आकडा बदलला की पेनने खोडायचं, दहा बदलले की नवा छाप. आत्ताचा खेळ चौदाव्या आवृत्तीवर आहे.

दहानंतर पोटापाण्याचं. संस्था आणि कंपन्या प्रशिक्षणासाठी खेळ करून घेतात. सध्या बचत गटांतल्या बायकांना कर्ज आणि व्याज समजावं म्हणून एक चाललाय. परवाच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, यात सगळेच जिंकले पाहिजेत." मी म्हटलं, सर, मग व्याज कोण भरणार?

दुपारी प्रेस, पुठ्ठेवाला, लाकडी गोट्यांसाठी बोहरी आळी. संध्याकाळी आठवड्यातून तीनदा चाचणी: माणसं गोळा करायची, खेळ पुढ्यात ठेवायचा आणि गप्प बसायचं. अख्ख्या धंद्यात सगळ्यात अवघड काम हे. नियम चुकीचा समजून कोणी भलतंच करत असतं आणि आपल्याला "अहो, तसं नाही!" म्हणून ओरडावंसं वाटतं. पण उद्या दुकानातून डबा नेणाऱ्याच्या घरी मी जाणार आहे का? मी लवंग धरते तोंडात. खरीखुरी लवंग. खेळून झाल्यावर लोक काय म्हणतात ते मी फारसं लिहून घेत नाही, आपल्याकडे सगळे "छान आहे" म्हणतात. मी लिहिते ते फोन कोणी कितव्या फेरीला उचलला.

आता जिथे अडलंय ते. खेळाचं नाव तूर्तास 'चाळ'. चार भिडू, प्रत्येकाची एक कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड), बारा फेऱ्या. दर फेरीला घटनेचा एक पत्ता उलटतो, भाव वरखाली होतो. कांदा विकायचा की ठेवायचा, एवढाच प्रश्न. ठेवला तर भाव चढेल, पण दर फेरीला थोडा नासतो. घटनांचे पत्ते २४, त्यांत दोन निर्यातबंदीचे. बंदी आली की भाव तळाला.

एका डावात २४ पैकी १२च पत्ते उलटतात. दोन्ही बंद्या खालच्या बारांत दडून राहण्याची शक्यता २७६ मध्ये ६६, म्हणजे साधारण २४ टक्के. दोन्ही वर येण्याचीही तेवढीच. थोडक्यात, चारातल्या एका डावात बंदी येतच नाही आणि चाळ भरून झोपा काढणारा जिंकतो. चारातल्या एकात दोनदा येते आणि साठवणारा भुईसपाट. गेल्या शनिवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला लागोपाठ आल्या. एक मैत्रीण तिथेच संपली, पुढची पन्नास मिनिटं शिष्टाचार म्हणून बसून होती. वहीत नोंद: फेरी ३, फोन.

बंदी काढून टाकावी का? खेळ गुळगुळीत होईल. पण मग तो कांद्याचा राहील का, हे कळेनासं झालंय.

गुप्तेकाका_ठाणे

वाचतोय. आमच्या वेळी व्यापार डाव होता, एक कॅट होता, सुट्टीत रमी आणि मेंढीकोट. कोणी बनवला हा प्रश्नच पडला नाही कधी. स्पष्ट विचारतो, राग मानू नये: याने घर चालतं का?

कवडी_दमडी

रुमाल टाकून ठेवतोय. कांद्यावर विचार करून लिहितो.

सोंगटी

काका, राग कसला. माझ्या आईचा रोजचा प्रश्न आहे.

समजा डब्यावर किंमत ९९९. प्रकाशकाच्या हाती वितरकाकडून साधारण पाचशे येतात. त्यावर डिझायनरला ५ ते ८ टक्के. सहा धरा, म्हणजे एका डब्यामागे तीस रुपये. हजारांची आवृत्ती संपली तर तीस हजार, आणि त्यामागे दोन वर्षं. म्हणून नाही चालत. घर त्या "सगळे जिंकले पाहिजेत" वाल्यांवर चालतं आणि नवऱ्याच्या पगारावर. माझा स्वतःचा एकच खेळ बाजारात आहे, नाव सांगत नाही, जाहिरात होईल.

व्यापारावरून सांगते. तो ज्या मोनोपॉलीची नक्कल, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात आहे. 'द लँडलॉर्ड्स गेम', पेटंट १९०४ सालचं. जमिनीच्या भाड्यावर एकाचं कसं फावतं आणि बाकीचे कसे भिकेला लागतात हे लोकांना दिसावं म्हणून बाईंनी तो रचला होता. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी मोनोपॉली काढली, मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं, आणि भिकेला लावण्यातली गंमत तेवढी जगभर विकली गेली.

म्युनिकवासी

अरे वा, माझ्या जिव्हाळ्याचा विषय! इकडे रविवारी दुकानं बंद, बाहेर पाऊस, त्यामुळे घरटी कपाटभर खेळ. इथे 'डिझायनर'ऐवजी 'श्पीलआउटोर' म्हणतात, म्हणजे खेळाचा लेखक. पुस्तकासारखं लेखकाचं नाव डब्यावर ठळक. पण ते आपोआप नाही मिळालं. १९८८ च्या न्यूरेमबर्गच्या खेळणी मेळ्यात तेरा जणांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: डब्यावर नाव नसेल तर त्या प्रकाशकाला आम्ही खेळ देणार नाही. पुढे १९९१ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली.

काका, पोटाचं म्हणाल तर 'कातान' हा गाजलेला बोर्ड गेम रचणारे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या-टोप्या बनवणारे तंत्रज्ञ होते. १९९५ मध्ये कातानला 'श्पील देस यारेस', म्हणजे इथला वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला, तरी पुढची काही वर्षं त्यांनी दातांची प्रयोगशाळा सोडली नव्हती. उलट टोक म्हणजे राइनर क्निझिया. गणितातली डॉक्टरेट, १९९७ पासून पूर्ण वेळ हेच, प्रसिद्ध खेळ सहाशेच्या वर. पण असे किती?

सोंगटीताई, ऑक्टोबरात एसनच्या बोर्ड गेम मेळ्याला या कधीतरी. राहायची सोय नाही करू शकत, म्युनिक त्या टोकाला आहे, पण पोळीभाजीचा डबा देईन.

मी_पण_आयडियावाला

माझ्याकडे एक भन्नाट गेम आयडिया आहे, शिवकालीन किल्ल्यांवर. इथे लिहिली तर चोरीला जाईल. पेटंट कसं घ्यायचं?

सोंगटी

नाही घेता येत. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये, पोटकलम एम बघा, खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच मानलेला नाही. नियमपत्रिकेचा मजकूर, चित्रं यांवर कॉपीराइट असतो. "फासा टाका, तेवढी घरं पुढे जा" या कल्पनेवर नाही.

आणि खरं सांगू का, आयडिया कोणी चोरत नाही हो. चोरायला चौदा आवृत्त्या कापाव्या लागतात. किल्ल्यांवरचे खेळ मला आजवर नऊ जणांनी गुप्तपणे सांगितलेत. नऊच्या नऊ जणांच्या खेळात फासा टाकून रायगडावर पोचायचं होतं.

मी_पण_आयडियावाला

माझा सिंहगडावर पोचायचा आहे.

फळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शंका. एक, मराठीत नियम लिहिताना 'टर्न'ला तुम्ही काय म्हणता? 'पाळी' लिहिलं की सातवीचा अर्धा वर्ग खिदळतो आणि अर्धा मान खाली घालतो. दुसरी, माझी नऊ वर्षांची भाची सहज खेळते अशा डब्यांवर १४+ का छापतात?

सोंगटी

मॅडम, 'पाळी'वर मी वर्षभर अडले होते. 'खेळी' म्हणजे चाल, 'फेरी' म्हणजे सगळ्यांचं एकेकदा खेळून होणं, 'डाव' म्हणजे अख्खा खेळ. पण पोरं "आता माझा डाव" असंही म्हणतात, म्हणजे तोही गेला. 'बारी' काही भागांत चालतं, पुण्यात लोक भुवया उंचावतात. शेवटी मी तो शब्द लागणारच नाही अशी वाक्यं लिहायला लागले: "आता डावीकडच्या भिडूने खेळावं." त्यामुळे नियमपत्रिका आपोआप छोटी झाली.

'कच्चं लिंबू' मात्र मी नियमात अधिकृत घातलंय. घरातलं सगळ्यात लहान पोर खेळतं, पण त्याचा कांदा नासत नाही. जगातल्या कुठल्याही नियमपत्रिकेत यासाठी इतका नेमका शब्द नसेल.

१४+ चं कारण डोक्याचं नाही, कायद्याचं. चौदा वर्षांखालच्यांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चाचण्या आणि परवाना हजार डब्यांच्या आवृत्तीला झेपत नाही. मग खेळ मोठ्यांचा असं जाहीर करून मोकळं व्हायचं.

ट्रेडल_ते_ऑफसेट

छापखाना आहे आमचा, सांगलीला, वडिलांपासून. लग्नपत्रिका आणि गुळाच्या पेटीची लेबलं. तीन वर्षांपूर्वी एक मुलगा पत्त्यांचा खेळ घेऊन आला, तेव्हापासून या लोकांचा छळ सोसतोय. ताई, पुठ्ठा कुठला वापरता? आणि पावसाळ्यात पत्ते वळतात की नाही?

सोंगटी

वळतात! पहिल्या आवृत्तीचे जुलैमध्ये होडीसारखे झाले होते. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वरून मॅट लॅमिनेशन.

ट्रेडल_ते_ऑफसेट

एकाच बाजूने लॅमिनेशन केलं असणार. मागची बाजू दमट हवेतलं पाणी पिते आणि फुगते, पुढची प्लॅस्टिकने बांधलेली, मग पत्ता वळणार नाही तर काय. दोन्ही बाजूंनी करा किंवा दोन्हीकडे वॉर्निश मारा. आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघा. सगळ्या पत्त्यांचा ग्रेन एकाच दिशेला हवा. पान वाचवायला चार पत्ते आडवे टाकले की ते चार वेगळे वळतात आणि कॅट पिसताना बोटाला कळतात. रमीवाल्याच्या तर पहिल्या हातातच लक्षात येतं, सगळा हुकूमच उघडा. कोपरा गोल करायला डाय, म्हणजे कापायचा साचा, टाकावीच लागेल, हाताने कापलेलं बाजारात नाही चालत. चाळीचा डबा आणि पत्ते ठरले की कळवा, डाय मी टाकून देतो, नमुना काढून कुरिअर करतो. पैशांचं नंतर बघू.

सोंगटी

दादा, हे वाक्य मी चौकट करून लावणार आहे. "पैशांचं नंतर बघू" नव्हे, ग्रेनचं.

कवडी_दमडी

आलो. बंदी काढू नका. ती कधी येते ते आवरा. 'पँडेमिक' नावाच्या बोर्ड गेममध्ये त्याचा डिझायनर मॅट लीकॉकने २००८ मध्ये हेच केलं: साथीचे पत्ते सगळे एकदम न पिसता, पत्त्यांचे सारखे ढीग करून प्रत्येकात एक घालायचा आणि ढीग एकावर एक ठेवायचे. संकट येणार हे नक्की, नेमकं कधी ते नाही.

सोंगटी

ते करून पाहिलं. आवृत्ती ११. पहिल्या चार फेऱ्या बिनबंदीच्या, पुढच्या आठांत नक्की एकदा. अडचण ही की अकराव्या फेरीपर्यंत आली नाही तर सगळ्यांना कळतं, आता बाराव्याला येणारच. सगळे आधीच विकून हात झटकून बसतात.

कवडी_दमडी

मग नऊ घ्या. वरती चार बिनबंदीचे. खाली नऊ पत्ते पिसा, त्यांत एक बंदी, आणि त्यातला एक न बघता डब्यात टाका. उरले आठ. बंदी येण्याची शक्यता नवातली आठ. शेवटच्या फेरीलाही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दोनदा येण्याचा प्रश्नच मिटला.

सोंगटी

इतकं सोपं. दोन महिने मी भावाच्या तक्त्यात खुडबुड करत होते. कापते.

पाटलाचं_पोर

मी चांदवड तालुक्यातला. सगळा धागा वाचला. ताई, तुमचं गणित बरोबर असेल, पण कांदा चुकलाय.

कांदा एक नसतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो, तो चाळीत राहतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की दोन-तीन आठवड्यांत विकावाच लागतो. मध्ये रांगडा. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली तेव्हा चाळीत काय होतं? काही नाही. शेतात आणि ट्रॉलीत लाल होता. तुमच्या खेळात बंदी साठवणाऱ्याला मारते. त्या वर्षी ती मारली ज्याला साठवताच येत नव्हतं त्याला. थांबतो म्हणायची सोयच नाही.

आणि नासणं दर फेरीला सारखं नसतं. मे-जूनमध्ये नुसतं वजन घटतं. पाऊस सुरू झाला की सडतो, काजळी धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोंब. एक सडका राहिला तर त्याच्याभोवतीचे जातात. म्हणून चाळ फोडून निवडावी लागते, त्याला मजूर लागतो, तो पैसा वेगळा. गोल्टीचं तर तुम्ही नावच घेतलं नाही.

गुप्तेकाका_ठाणे

आता खरी मजा येतेय. आम्ही ठाण्यात बसून कांदा महागला म्हणून बोंबलतो, त्यातलं एक अक्षर ठाऊक नाही. गोल्टी म्हणजे काय?

पाटलाचं_पोर

काका, लहान आकाराचा कांदा. वेगळा काढून वेगळ्या भावाने जातो. हॉटेलात तुमच्या थाळीत अख्खा येतो तो.

सोंगटी

भाऊ, मी दोन दिवस गप्प होते कारण तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावलाय आणि त्याच्याकडे बघत बसले होते. लाल कांदा घातला. लाल सोंगटी त्याच फेरीत किंवा पुढच्या फेरीत विकायची, नाही तर फेकायची. नासणं तीन टप्प्यांत: आधी नुसती घट, मग सड, मग कोंब. सड शेजारच्या घरात पसरते, निवडणीला एक खेळी खर्च. गोल्टी नाही घेतली. माहीत नव्हती म्हणून नाही, घेतली तर खेळ दोन तासांवर जातो म्हणून. मला माहीत असलेल्यातलं निम्मं बाहेर ठेवणं हाच या धंद्यातला मोठा त्रास. 'विंगस्पॅन' या पक्ष्यांवरच्या बोर्ड गेमच्या डिझायनर एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी पक्ष्यांची केवढाली कोष्टकं भरली होती, त्यातून १७० पक्षी पत्त्यांवर आले.

काल रात्री चाचणी झाली. एक तास दहा मिनिटं, फोन शून्य. बंदी दहाव्या फेरीला आली तेव्हा दोघंजण खुर्चीतून उठले. ट्रेडलदादा, डायची मापं पाठवू का?

ट्रेडल_ते_ऑफसेट

पाठवा. गुरुवारी टाकतो.

पाटलाचं_पोर

त्याआधी एकदा गावी या. पुण्याच्या लोकांनी खेळून काय कळणार.

सोंगटी

जाऊन आले. आत्ता घरी पोचले, पाय धुऊन लगेच लिहितेय.

पाटलाच्या पोराच्या घरी, यांच्या ओट्यावर सतरंजी टाकली. यांचे वडील, म्हणजे आप्पा, एक चुलते, शेजारचे दोघं. मी नियम वाचायला सुरुवात केली तर आप्पा म्हणाले, "तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो." लवंग तोंडात टाकली. पहिल्या तीन फेऱ्या झकास. चौथ्या फेरीला आप्पांनी चाळीतल्या सहा सोंगट्यांतल्या तीन उचलल्या, बाजारात ठेवल्या, तीन तशाच.

नियम असा आहे की चाळ फोडली की सगळी विकायची. मी मुद्दाम ठेवलाय, निर्णय तीव्र व्हावा म्हणून. चौदा आवृत्त्या तो नियम टिकून आहे, पुण्यात एकानेही प्रश्न विचारला नाही. चुलत्यांनी पण तीन विकल्या. शेजाऱ्यांनी दोन. कोणी कोणाला अडवलं नाही. मी लवंग चावून टाकली पण बोलले नाही.

बारा फेऱ्या तसेच खेळले. बंदी नवव्याला आली. आप्पांच्या चाळीत तेव्हा दोनच होत्या. त्यांनी पत्ता हातात घेतला, मागेपुढे बघितला, शेजाऱ्याला दाखवला आणि म्हणाले, "तारीख नाही टाकली." मग दुसरा डाव मांडा म्हणाले. दुसऱ्या डावातही अर्धे-अर्धेच विकले. जेवणं झाल्यावर न राहवून विचारलं, आप्पा, सगळा एकदम का नाही विकत? ते म्हणाले, "सगळा एकदम विकायला आपल्याला भाव कळतो का?"

अर्धं विकता येत असेल तर भावाचा तक्ता मोडतो. सडीचा नियम मोडतो, कारण चाळ मध्येच रिकामी होते. पत्त्यांतले किमान तीस बदलतील. पण ओट्यावर जो खेळ झाला तो माझ्या खेळापेक्षा चांगला होता. एसटीत बसून पहिल्यांदा मला माझ्याच खेळाचा हेवा वाटला.

येताना पाच किलो कांदे दिलेत. निवडलेले.

फळा_खडू

"तारीख नाही टाकली"!

म्युनिकवासी

पंधरावी आवृत्ती?

सोंगटी

अकरा पानं प्रिंटरवर आहेत.

ट्रेडल_ते_ऑफसेट

ताई, मग डाय थांबवू का?

सोंगटी

थांबवा.